मागच्या पंजाची सीट

मागचा पंजा चालवणाऱ्याला बसायला जागाच नव्हती, हे लिंबाजी सोनकांबळेच्या लक्षात आलं ते मशीन ट्रकवरून उतरवल्यावर. विकत घेताना त्यानं इंजिन कान लावून ऐकलं होतं, गिअर टाकून पाहिले होते, टायरच्या भेगांत बोट घालून पाहिलं होतं. पण ट्रॅक्टरला पुढं लोडर आणि मागं खोदायचा पंजा जोडलेलं मशीन त्यानं आजवर कधी घेतलं नव्हतं. एसटीच्या वर्कशॉपात उभा जन्म बसगाड्यांखाली गेलेला माणूस तो. बिलोलीच्या रस्त्याला पाशामियाँचं लेथ आणि वेल्डिंगचं दुकान होतं, त्यासमोर मशीन उभं राहिलं आणि दोघं त्याच्याभोवती फिरून मागच्या बाजूला येऊन थांबले.

"सीट कुठाय?" पाशामियाँ म्हणाले.

अशा मशीनला दोन सीटा असतात. एक ट्रॅक्टर चालवायची, तोंड पुढं. दुसरी पंजा चालवायची, तोंड मागं. इथं दुसरीच्या जागी नुसता पत्रा होता.

"कुणी चोरली आसंल."

पाशामियाँनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पत्र्यावर अंगठा फिरवला. "चोर बोल्टची भोकं बुजवून, घासून, रंग मारून जातो का लिंबाजीभाई?"

भोकं खरंच बुजवलेली होती. आत वेल्डिंग भरून वरून इतकं घासलं होतं की बोटाला नुसता थोडा फुगवटा लागे.

मग एकेक विचित्र गोष्ट दिसायला लागली. पंजाच्या लिव्हर मधोमध असायला हव्यात, त्या लांब सळ्यांनी जोडून डाव्या मडगार्डवर नेलेल्या होत्या. मडगार्डच्या बाजूला, चाकाच्या वर, पाऊलभर रुंदीची लोखंडी पट्टी वेल्ड केलेली. पट्टीवर घसरू नये म्हणून उठावाची नक्षी होती आणि ती दोन ठिकाणी पार गुळगुळीत झाली होती. आणि मडगार्डच्या पुढच्या टोकाला एक कान होता. कान म्हणजे भोक असलेला जाड लोखंडी तुकडा, ज्यात पिन घालून काहीतरी अडकवतात. यात काहीच अडकवलेलं नव्हतं. भोक मात्र आतून आरशासारखं चमकत होतं. वर्षानुवर्षं त्यात काहीतरी फिरत होतं.

"छत्रीसाठी आसंल," पाशामियाँ म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. छत्री भोकाला असं घासत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मशीन रेणापूर तालुक्यातून आलं होतं. कागदावर मालकाचं नाव बसलिंगप्पा. माणूस वारला होता, घरच्यांनी मशीन एका व्यापाऱ्याला दिलं आणि व्यापाऱ्यानं लिंबाजीला. व्यापाऱ्याला इंजिनापलीकडं काही विचारलं की तो म्हणे, "चालतंय नं? मग झालं." बॉनेटवरचा लाल रंग खरवडल्यावर खाली निळा निघाला, निळ्यावर पिवळ्या अक्षरांत 'नागम्मा'. बायकोचं नाव असेल, नाही तर मुलीचं.

लिंबाजीला हे मशीन कशासाठी हवं होतं ते वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे, तो पुढं मांजरेला मिळतो. ओढ्याच्या पात्रात वस्तीचा झिरा. पात्रात खोल खड्डा घेतला की वाळूतून, मुरमातून पाणी झिरपून साचतं, तो झिरा. वस्तीतलं बोअर आटलं तरी झिरा कधी आटला नव्हता. मागच्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि झिरा गाळानं, गोट्यांनी भरून गेला. पोरांनी फावडं-टिकाव घेऊन दोनदा उकरला, दोनदा कडा ढासळून पुन्हा भरला. मोठं पिवळं मशीन आणायचं तर वाट नाही. ओढ्याकडं जायला एकच रस्ता, भुजंगच्या शेताचा बांध, आणि त्यावरून जेमतेम एक ट्रॅक्टर जातो. फेब्रुवारीपासून बायका हंडे घेऊन गावाच्या वरच्या टोकाला, दुसऱ्यांच्या नळावर उभ्या राहत होत्या. त्यात लिंबाजीची बायको धुरपताबाई पण होती, आणि तिला गुडघ्यांनी आधीच जेरीस आणलं होतं.

विहारातल्या बैठकीत लिंबाजी उठून म्हणाला होता, "पेरणीच्या आत झिरा मोकळा करून देतो." कुणी मागितलं नव्हतं, त्यानं आपणहून दिलेला शब्द होता. भुजंगनं बांधावरून जाऊ द्यायचं कबूल केलं होतं, पण पेरणीपर्यंतच. एकदा सोयाबीन जमिनीत गेलं की बांधाला चाक लागू देणार नाही, असं त्यानं हसत सांगितलं होतं. भुजंग हसत सांगायचा तेव्हा तो खरं सांगत असे.

कामाला सुरुवात झाली. इंजिनाचं काम लिंबाजीच्या हातचं होतं. हेड उतरवलं, नोझल साफ केले, रेडिएटरची गळती काढली. पंजाचे जॅक उघडले तर आतल्या सीलचा चोथा झालेला. पाशामियाँनी सांध्यांच्या पिना लेथवर नव्या वळल्या, बुश बसवले, पंजाचा ढिला झालेला लोखंडी हात घट्ट केला. जॅकचं तंत्र लिंबाजीला नवं होतं. तेलाच्या दाबावर हात वर जातो, खाली येतो, एवढं त्याला कळे, पण कुठला पाइप कुठं जातो हे तो लेकरासारखा बोट ठेवून ठेवून शोधत असे. हा शोध त्याला आवडायला लागला होता. घरी जेवताना तो भाकरीच्या तुकड्यानं ताटात जॅक काढून दाखवी.

"पाणी काढायला मशीन घेतलं का मशीन बघायला पाणी?" धुरपताबाई म्हणाली.

"त्या कानाचं काय कळंना धुरपते."

"डबा अडकवत आसंल. भाकरीचं गठुडं."

"गठुड्यानं लोखंड झिजतंय का?"

"माझे गुडघे झिजले की हंड्यानं."

एक दिवस पंजा पहिल्यांदा हलला. पाशामियाँनी डाव्या मडगार्डवरची लिव्हर ओढली आणि दोघं चमकले. मागं तोंड करून बसलेल्या माणसाच्या हिशेबानं ही लिव्हर ओढली की हात डावीकडं फिरायला हवा. तो उजवीकडं फिरला.

"पाइप उलटे जोडलेत," लिंबाजी म्हणाला.

"हाव. पण चुकून न्हाई." पाशामियाँनी पाइपाखालच्या पट्ट्या दाखवल्या. पाइप एकमेकांवरून नेऊन जिथं घासतील तिथं रबर लावून नीट बांधलेले होते. "चुकून केलेलं काम असं बांधत न्हाईत. आन् हे वेल्डिंगचे टाके बघ. असा टाका घालणारा माणूस येडा नव्हता बाबा. त्यानं सीट काढली, भोकं बुजवली, लिव्हरी बाजूला नेल्या, पाइप पालटले. त्याला कायतरी पाह्यजे होतं."

"काय?"

"तेच तर मी इचारून राहिलो."

लिंबाजीनं मडगार्डवरच्या कानाच्या भोकात करंगळी घालून फिरवली. मग उठला. "डेपोत गाडी आली की कंपनीनं दिली तशी करून बाहेर काढायची. प्रत्येक ड्रायव्हरच्या खोड्या गाडीत ठेवत बसलो तर पुढचा ड्रायव्हर ब्रेक समजून दुसरंच दाबंल. आपण सीट बसवू. लिव्हरी मधी आणू. पाइप सरळ."

"तुझं मशीन, तुझी मर्जी," पाशामियाँ म्हणाले. "पण मला त्याला भेटायचं होतं. मेला बिचारा."

कटरनं पट्टी कापली. सळ्या सोडल्या. कान कापताना पाशामियाँनी मुद्दाम हळू हात चालवला, त्याला धक्का लागू दिला नाही. कापलेला एकेक तुकडा लिंबाजीनं जुन्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडला आणि प्रत्येकाला तारेनं पत्र्याची चकती बांधली. चकतीवर खिळ्यानं खूण केली, कुठला तुकडा कुठून निघाला याची. त्याच्या पहिल्या फोरमननं घालून दिलेली शिस्त होती ती: उतरवलेला पार्ट, मोडका असो, निकामी असो, गाडी रस्त्यावर जाऊन परत येईपर्यंत टाकायचा नाही. पाशामियाँ या चकत्यांना हसत आले होते. या वेळी हसले नाहीत.

सीट त्यांनी एका भंगारातल्या मळणी-कापणीच्या मशीनवरून आणली. चांगली होती, पाठीला टेक असलेली, फक्त रेक्झिन फाटलेलं. जाहिदानं, पाशामियाँच्या बायकोनं, तिला हिरवं कव्हर शिवून दिलं. दुकानामागच्या मुरमाड जागेत चाचणी झाली. लिंबाजी मागं तोंड करून ऐटीत बसला, मागचे दोन लोखंडी पाय जमिनीत टेकवले, पंजा लांब केला, ओढला. मुरूम कडकड आवाज करत निघाला. लिव्हर डावीकडं, पंजा डावीकडं. लिव्हर उजवीकडं, पंजा उजवीकडं. कुठं काही उलटं नाही.

"बघा," तो म्हणाला.

"बघितलं," पाशामियाँ म्हणाले.

ओढ्यावर गेले त्या दिवशी वस्तीतली निम्मी माणसं बांधावर होती. भुजंग आपल्या शेताच्या कडेला, धुऱ्यावर बसून विडी ओढत होता. लिंबाजीनं मशीन उलटं घेतलं, पंजाचं तोंड झिऱ्याकडं केलं आणि काठापासून सुरक्षित वाटेल इतक्या अंतरावर थांबवलं. जमीन काळी. नुकत्याच पडलेल्या पहिल्या पावसानंतर उन्हानं वरचा थर पुन्हा भाजून भेगाळलेला, दगडासारखा. मागचे पाय टेकवले. सीट फिरायची नव्हती, म्हणून ट्रॅक्टरच्या सीटवरून उतरून तो मागच्या सीटवर जाऊन बसला.

पहिले पंजे सोपे गेले. गाळ, वाळू, कुजकी मुळं. हात फिरवून तो बाजूला टाकत गेला. कुणीतरी शिट्टी मारली. मग पंजाचे दात खाली कशाततरी गेले. पूर येण्याआधीचा जुना तळ असावा, घट्ट मुरूम आणि गोटे. लिंबाजीनं लिव्हर ओढली. मुरूम निघाला नाही. मशीनच झिऱ्याकडं सरकलं.

आधी त्याला वाटलं भास झाला. त्यानं पुन्हा ओढली, आणि पुन्हा सरकलं. आता मशीनचे लोखंडी पाय दिसत होते. भाजलेला थर फोडून ते आत गेले होते आणि आतली माती ओली, लोण्यासारखी होती. पाय तिच्यात धरत नव्हते, वाहत होते. काठ जवळ आला.

"लिंबाजी, पुढचं दाब!" पाशामियाँ ओरडले. "लोडर! लोडर दाब!"

त्यालाही तेच सुचलं होतं. पुढची बकेट जमिनीत रोवली तर मशीन थांबेल. पण लोडरची लिव्हर त्याच्या पाठीमागं होती, ट्रॅक्टरच्या सीटच्याही पलीकडं. तिथं जायचं तर उठायचं, फिरायचं, चढायचं, आणि तोवर पंजाच्या लिव्हरी कुणी धरायच्या? पाशामियाँ बाजूनं चढायला धावले. चढायला पट्टी नव्हती. पट्टी ट्रेमध्ये होती.

लिंबाजीनं हाताशी होतं ते केलं. पंजा सरळ खाली, झिऱ्याच्या तळावर दाबला आणि त्याचाच टेकू केला. मशीन थांबलं. डावं मागचं चाक काठाबाहेर, अर्धं हवेत. इंजिन बंद करून तो खाली उतरला.

भुजंगनं आपला ट्रॅक्टर जोडून, साखळी लावून मशीन ओढून काढलं. साखळी सोडताना बोलला, "तात्या, सीट मात्र झकास हाय. हिरवी."

कुणी हसलं, कुणी नाही. शिवाय झिरा होता त्याहून वाईट झाला होता. काठ आत ढासळला होता. बायका हंडे घेऊन वरच्या टोकाला निघाल्या. धुरपताबाई सगळ्यांच्या मागं, गुडघा धरत चालली होती, आणि लिंबाजीला ते जास्त लागलं.

"पेरणी कवा धरणार?" त्यानं भुजंगला विचारलं.

"वापसा आलाय, पेरण्याजोगी ओल हाय. वरच्या रानात उद्यापासून, इकडं शेवटी. तुमच्यासाठी हे रान शेवटी ठेवतो तात्या, पण त्याच्या पुढं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी नांदेडला जाऊन लातूरच्या गाडीत बसला. गिअर टाकताना गाडी घुर्र करत होती. क्लच प्लेट गेली आहे हे त्याला कंधार फाट्यापर्यंत कळलं, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. खिशात कान होता, चकतीसकट. लातूरहून दुसरी गाडी धरून तो रेणापूरला उतरला आणि व्यापाऱ्यानं सांगितलेल्या वस्तीवर विचारत विचारत पोचला. घराच्या पडवीत एक म्हातारी बाई तूर निवडत होती. गळ्यात इष्टलिंगाची पेटी, कपाळाला भस्म.

"बसलिंगप्पांचं घर हेच का?"

"हेच. बर्री, बसा." माहेर औरादकडचं असावं, बोलण्यात मधूनच कानडी डोकावे. "पाणी देते. कुठले?"

"बिलोलीकडचा. मी लिंबाजी. तुमचं मशीन मी घेतलंय."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. तीच नागम्मा. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चालतंय?"

"चालतंय. काल ओढ्यात पडता पडता राह्यलं."

"बसून चालवलं आसंल."

लिंबाजीच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. "तुमाला कसं कळलं?"

"सगळे बसतेत. आमच्या जावयानं पण बसूनच बघितलं हुतं. ह्यांनी सीट काढून टाकली तर जावई म्हनला मामंजी म्हातारे झाले, कायबी करून राहिलेत."

"का काढली त्यांनी?"

"मला मशीनमधलं काय कळतंय अण्णा?" ती म्हणाली. "नदीच्या कडंला पाइपलाइनचे चर खांदायचे ते. समदी काळी माती. एकदा पडले हुते, बरगडी मोडली. त्याच्यानंतर काढली. मी म्हनायचे, बसून करा, पाय सुजतेत. ऐकले न्हाईत."

लिंबाजीनं खिशातून कान काढून तिच्या पुढं धरला. "ह्याच्यात काय असायचं?"

तिनं तो हातात घेतला, उलटापालटा केला, परत दिला. "न्हाई सांगता येनार. मी कवा जवळ जाऊन बघितलंच न्हाई. भाकर घेऊन जायचे तर लांबनं दिसायचे, उभे."

"कसे उभे?"

"म्हंजे?"

"उभं राहून दाखवता का? जसे दिसायचे तसे."

नागम्माला हसू आलं. आत स्वयंपाक करणारी मुलगी दारात येऊन उभी राहिली. म्हातारीनं पदर खोचला आणि पडवीच्या काठावर उभी राहिली, तोंड अंगणाकडं. मग जरा आठवलं, डावा पाय पुढं सरकवला. डावा हात कमरेएवढ्या उंचीवर पुढं नेला आणि मूठ वळली. उजवा हात मागं. मान उजव्या खांद्यावरून मागं वळवली. आणि तशीच थांबली.

"हे असं," ती मान न वळवता म्हणाली. "भाकर दिली तर ह्या, उजव्या हातानं घ्यायचे. हा डावा सोडायचे न्हाईत कवाच."

"डाव्या हातात काय होतं?"

"दांडी की. पुढच्या सुपाची." लोडरच्या बकेटीला ती सूप म्हणत होती. "गेल्या गेल्या आधी सूप मातीत रोवायचे. मग मागचं काम. मागनं ओढ लागली की हे असं," तिनं डावी मूठ खाली दाबली, "पुढनं धरायचे."

लिंबाजी उठून तिच्याजवळ आला. तिच्या डाव्या मुठीकडं पाहिलं, मग उजवीकडं. मनातल्या मनात त्यानं तिच्या पायाखाली पट्टी ठेवली, पट्टीवर दोन गुळगुळीत जागा ठेवल्या. उजव्या हाताशी पंजाच्या लिव्हरी आल्या. तिथून लिव्हर ओढली की पंजा आपल्याकडं यायला हवा, ढकलली की लांब. आणि तोंड पुढं असलेल्याचं उजवं ते मागं तोंड करून बसलेल्याचं डावं, म्हणजे पाइप उलटे. आणि डाव्या मुठीखाली मडगार्डचं पुढचं टोक, तिथं कान, कानात फिरणारी सळई, सळईच्या दुसऱ्या टोकाला लोडर. मशीनची दोन्ही टोकं एका माणसाच्या दोन हातांत. बसलेल्या माणसाला एका वेळी एकच टोक मिळतं.

"ती दांडी?" त्यानं विचारलं. "माझ्याकडं आली न्हाई."

"व्यापाऱ्यानं काढली. ट्रकात मावंना. ती बघा."

गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून एक लांब सळई आडवी घातलेली होती. लिंबाजीनं जाऊन तिच्या टोकाशी हातातला लोखंडी कान धरून पाहिला. पिनेच्या भोकाला भोक अगदी बरोबर बसलं.

"मी हिचे पैसे देतो."

"न्हाई, न्हाई," नागम्मा म्हणाली. "ते वासरू लई वांड हाय. अडसर काढला की थेट तुरीत."

लिंबाजी हसला. डोक्याचा लांब रुमाल सोडला, सळईवर ताणून मोजत गेला, जिथं वाक होता तिथं गाठ मारली. निघताना नागम्मानं एवढंच सांगितलं, "काम झालं की फोन लावा. मला बघायचं हाय, पडतंय का न्हाई ते."

पाशामियाँनी रुमालाची गाठ पाहिली, सगळं ऐकून घेतलं. मग डोक्यावरची टोपी काढून हातानं झटकली. "बघ. मी म्हनलो नव्हतो, त्याला कायतरी पाह्यजे होतं?" आणि लगेच, "आन् तू म्हनला खोड."

"म्हनलो."

"चकत्या आण."

ट्रे आला. चकतीवरच्या खुणांप्रमाणे एकेक तुकडा परत जागेवर गेला. पट्टी, सळ्या, कान. पाइप पुन्हा पालटले, खाली रबर लावून. नवी सळई पाशामियाँनी तापवून गाठीच्या जागी वाकवली. लिंबाजी पट्टीवर चढला आणि डावा हात पुढं केला तर मूठ दांडीच्या अलीकडंच राहिली. बसलिंगप्पा उंच असावेत. पाशामियाँनी दांडी वीतभर मागं वाढवली. हिरवी सीट उतरवली आणि भोकं बुजवण्याआधी लिंबाजीनं तिलाही तारेनं चकती बांधली.

"ही पण?" पाशामियाँ म्हणाले.

"गाडी रस्त्यावर जाऊन परत येईपर्यंत."

भुजंगची वरची रानं पेरून झाली होती. बांधालगतच्या शेतात तिफण येऊन उभी होती. मशीन बांधावरून गेलं तेव्हा या वेळी बघायला चारच माणसं होती, आणि त्यातली एक धुरपताबाई होती.

"तात्या, सीट कुठं गेली?" भुजंग म्हणाला.

"काढली."

"उभ्यानं करनार? बैलगाडी हाय का ती?"

काठापासून अंतरावर थांबून लिंबाजीनं आधी पुढची बकेट जमिनीत रोवली. दात खोल गेले. मग डाव्या मडगार्डवरच्या पट्टीवर चढला. पाय आपोआप त्या दोन गुळगुळीत जागांवर गेले. डावा हात पुढं, उजवा मागं, मान उजव्या खांद्यावरून मागं. सुरुवातीला हात चुकले. उजवीकडं जायचं तर पंजा डावीकडं, लांब न्यायचा तर जवळ. पाशामियाँ खालून ओरडत होते, "ओढ म्हणजे तुझ्याकडं! तुझ्याकडं रे!" हळूहळू हात शिकले.

गाळ निघाला. ढासळलेला काठ निघाला. मग दात पुन्हा त्याच जुन्या तळात गेले. लिंबाजीनं ओढलं. मागचे पाय मातीत किरकिरले, मशीन थरथरलं आणि झिऱ्याकडं जायला निघालं. डाव्या मुठीत त्याला ते जायला लागलेलं कळलं, सीटवरून त्या दिवशी जे डोळ्यांना दिसलं होतं ते आज आधी हाताला कळलं. त्यानं दांडी खाली दाबली. पुढची बकेट आणखी आत गेली आणि मशीन जागच्या जागी अडलं. दोन्ही टोकांची ओढ त्याच्या दोन हातांत, मधे तो. इंजिन दबलं, काळा धूर निघाला. मग खाली कडाड झालं आणि तळाचा एक मोठा तुकडा पंजात आला, त्याच्या जागेवर आधी नुसता ओला डाग, मग डागाला चकाकी.

"आलं," धुरपताबाई म्हणाली. ती काठाच्या इतक्या जवळ गेली होती की पाशामियाँनी तिला ओरडून मागं घेतलं.

पाणी गढूळ, लाल होतं. पोरांनी कडांना दगड रचले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वर निवळी आली होती. मशीन बांधावरून परत आलं त्याच दुपारी भुजंगनं तिफण जुंपली, आणि बांधापर्यंत पेरलं.

लिंबाजीनं रेणापूरला फोन लावला. नागम्मानं दोन्ही गोष्टी ऐकल्या, पाणी लागल्याची आणि मशीन न पडल्याची. "आन् पाय?" तिनं विचारलं.

"सुजलेत."

"मीठ घालून गरम पाण्यात ठेवा," ती म्हणाली. "त्यांचे पण सुजायचे."

ट्रेमध्ये आता एकच वस्तू उरली होती. गाडी रस्त्यावर जाऊन परत आली होती, म्हणजे शिस्तीप्रमाणे ती टाकायला हरकत नव्हती. लिंबाजीनं सीट खांद्यावर घेतली, ओढ्याकडं चालत गेला आणि झिऱ्याच्या काठावर एका सपाट धोंड्यावर पक्की बसवली. झिऱ्यातलं पाणी हंडाभर साचायला थोडा वेळ लागतो. तोवर बायका तिथं पाळीपाळीनं बसतात. पहिली पाळी धुरपताबाईची असते, गुडघ्यांमुळं, आणि ती टेकून बसते.